उरलेली करडं

लस टोचायची तर बकऱ्या डोंगराकडे चरायला सुटायच्या आत गल्लीत पोचावं लागतं. आमचं रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी. एकदा ऊन चढलं की पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगावरच्या लसीचा भरवसा राहत नाही. बाटलीत ती कोरडी असते. द्रावणात कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. शंभर डोसांची बाटली फोडली तर तेवढी जनावरं हाताशी हवीत. म्हणून मी, गावची पशुसखी, आदल्या संध्याकाळीच घरोघर सांगून येते की उद्या बकऱ्या सोडू नका. सकाळी डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन येतात. मी बकरी धरते, ते खांद्यामागची सैल कातडी चिमटीत घेऊन एक मिली टोचतात. कपाळावर रंगाची खूण, वहीत नोंद, की पुढचं घर.

या धांदलीत लहान करडं मागे राहतात. तीन-चार महिन्यांच्या आतल्या करडाला ही लस देत नाहीत, कारण आईच्या चिकातून मिळालेली ताकद अंगात असेपर्यंत तीच लसीला निकामी करते. पुढे ती ओसरते आणि करडू उघडं पडतं. तोवर डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले असतात. हा रोग गावात तग धरतो तो या उरलेल्या करडांच्या जिवावर, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमच्या गल्लीतल्या एका आजीच्या गोठ्यात ते मी डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या बकऱ्यांना पावसाळ्याच्या तोंडाशी टोचलं होतं, करडं तेव्हा जेमतेम पंधरवड्याची होती. दसरा झाल्यावर मुलानं बाजारातून बोकड आणला आणि करडांशेजारीच बांधला. आला तेव्हा चांगला धडधाकट होता. पण विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायला चार-सहा दिवस लागतात, आणि बाजारात कोण कोणाच्या नाकाला नाक लावून उभं होतं हे कुणाला कळणार? आठवड्याच्या आत त्याचं नाक गळू लागलं. मग करडांची पाळी आली.

आजीनं बोलावलं तेव्हा एका पाठीच्या, म्हणजे मादी करडाच्या, नाकपुड्या पिवळ्या घट्ट शेंबडानं पार बुजल्या होत्या. मान पुढे ताणून ती तोंडानं श्वास घेत होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, मधूनच ढास लागे. ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवर पांढुरके फोड, आणि वास असा की तोंड फिरवावं लागलं. मागून पातळ हगवण. तिची आई त्याच दावणीला निवांत रवंथ करत होती, तिला साधी शिंकही नव्हती.

"मोठ्याइले त टोचलं व्हतं ना पोरी, मंग याइले कायनं झालं?" आजीनं विचारलं.

"आजी, मोठ्याइलेच टोचलं व्हतं. हे लहान व्हते."

विषाणूवर औषध नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली ती मागाहून फुफ्फुसात शिरणाऱ्या जंतूंसाठी. मी कोमट मिठाच्या पाण्यानं नाकं मोकळी करत होते, तोंडात बोरोग्लिसरीन लावत होते. काही करडं उठली. ती पाठ वाचली नाही. तिच्यावर पुढचं वर्ष काढायचा आजीचा विचार होता.

नंतर डॉक्टरांशी बोलताना त्यांनी डुकरांच्या पिलांची गोष्ट काढली. मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियावर पिलांना लस देतात. तिनं ढास कमी होते, फुफ्फुस कमी बिघडतं, वजन बरं भरतं. पण जंतू या पिलाकडून त्या पिलाकडे जायचा थांबत नाही. पीपीआरची लस तशी नाही. नीट टोचलेल्या बकरीत विषाणूला सहसा थारा मिळत नाही, त्यामुळे ती तो पुढेही देत नाही, आणि हे संरक्षण तीन वर्षं तरी टिकतं. याच कुळातली गुरांची बुळकांडी लसीच्याच बळावर हटली. २०११ साली ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. भारतात १९८७ साली तमिळनाडूत पहिल्यांदा सापडलेला पीपीआर २०३० पर्यंत जगातून संपवायचं ठरलं आहे. इतकी चांगली लस हाताशी असताना सहा महिन्यांची पाठ गुदमरून मरते, याचा मला संताप येतो.

तेव्हापासून वहीत करडांचं पान वेगळं ठेवलं आहे. जन्माची तारीख कुणाला सांगता येत नाही. "संक्रातीच्या आधल्या दिशी झालं," "पोळ्याले नुकतं झालं व्हतं" असंच सांगतात, आणि तेवढ्यावरून महिना बरोबर लागतो. बाजारातलं जनावर एकवीस दिवस वेगळं बांधा म्हटलं की जागेची अडचण पुढे येते, आणि ती खरीच असते. दोन खोल्यांच्या घरात दुसरी दावण कुठे घालणार? मग कुणाच्या वावरातल्या झोपडीत, कुणाच्या पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला, अशी सोय लावून देते. मुख्य म्हणजे पाणी प्यायचं घमेलं वेगळं.

पानावरची करडं वयात आली की डॉक्टरांना फोन करते. थोडक्या जनावरांसाठी पंचवीस डोसांची बाटली मिळते, आणि ती वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या वस्त्यांवरची करडंही त्याच सकाळी बोलावून घेते. आजी आता स्वतःच आठवण करते, "पोरी, माह्ये तीन राह्यले बरं, लिहून ठेव."