दोन भोकांचा हिशोब

आमच्या होस्टेलच्या बाथरूममध्ये ज्याने आंघोळ केली आहे, त्याला हा लेख लगेच कळेल. जाळी लहान, पाणी जास्त. शेवटी आपण घोटाभर पाण्यात उभे! आपला फार तर साबण वाहून जातो. समुद्रात हेच प्रकरण जिवावर बेततं.

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते वाचून मी मिनी प्रोजेक्टला शिडाच्या बोटीचं कॉकपिट घेतलं. कॉकपिट म्हणजे डेकवरचा खोलगट चौक. तिथे बसून सुकाणू धरायचं. बसायला ऐसपैस हवं म्हणून मी ते २ मीटर लांब, ७० सेंमी रुंद, ५० सेंमी खोल ठेवलं. तळाला पाणी जायला २५ मिमीची दोन भोकं. ड्रॉइंग एकदम झकास!

वायवाला सरांनी एवढंच विचारलं, "लाट आत आली तर?"

"बादलीने उपसायचं, सर."

"मग सुकाणू कोण धरणार?"

रात्री रूमवर गणित मांडलं. काठोकाठ भरलं तर ७०० लिटर, म्हणजे सातशे किलोंहून जास्त खारं पाणी. ऑरिफिसचा सहगुणक ०.६ धरला तर ते निचरायला साडेबारा मिनिटं! तोवर बोट त्या वजनाने दबलेली, आणि पुढची लाट काय थांबणार आहे? व्यास दुप्पट केला की वेळ एक चतुर्थांश, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. ऑरिफिसचा प्रयोग मी जर्नलमध्ये मित्राचा बघून उतरवला होता. तो त्या रात्री कळला.

मग फास्टनेट शर्यतीबद्दल वाचलं. ऑगस्ट १९७९. इंग्लंडहून ३०३ बोटी निघाल्या आणि आयर्लंडच्या वाटेवर वादळात सापडल्या. १५ स्पर्धक गेले, ५ बोटी बुडाल्या. कॉकपिटमधून केबिनमध्ये जायच्या दाराला सरकत्या फळ्या असतात. काही बोटींत त्यांच्या खाचा खाली निमुळत्या होत्या; बोट आडवी झाली, फळी जरा सरकली की सुटलीच. मग पाणी थेट केबिनमध्ये.

मी ड्रॉइंग पुन्हा काढलं. कॉकपिट आखूड, भोकं ५० मिमीची, खाचा सरळ, फळ्यांना आतून-बाहेरून उघडेल अशी कडी. बाहेर पाऊल टाकण्याआधीच हार्नेस अडकवता येईल असा एक हूक दाराशी. ऐसपैसपणा गेला, पण सरांनी सही केली.

कागदावर बोट नेहमी सरळच उभी असते. ती एकदा आडवी करून बघायला मी विसरलो होतो.

ता.क. : बाथरूमच्या जाळीसाठी रेक्टर सरांकडे अर्ज दिला आहे. गणितासकट!