मुठेल

दिवाळीची पहिली अंघोळ झाली, फराळाचे डबे तळाशी गेले, की आमच्या घरी टाचांना तोंडे फुटू लागतात. मग फळीवरच्या जुन्या डब्यातून मुठेलाचा गोळा खाली उतरतो. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. तेल म्हणायचे एवढेच. प्रत्यक्षात तो साबणाच्या वडीसारखा घट्ट, पिवळसर पांढरा गोळा! उन्हाळ्यात आमसुले घालून झाली, की उरलेल्या बिया वाळवायच्या, फोडून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेला तवंग निवत आला, की मुठीत दाबून वळायचा. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला अशा शब्दाचे भारी कौतुक असते. ज्या कुणी बाईने तो पहिल्यांदा उच्चारला, तिची बोटे मला अजून त्यावर उमटलेली दिसतात.

लहानपणी मात्र हे कौतुक नव्हते. राजापुराकडच्या आमच्या घरी रात्री आई पळीत मुठेल कढवी आणि कापसाच्या बोळ्याने माझ्या भेगांत सोडी. मी घर डोक्यावर घेई. "चटका बसल्याशिवाय भेग सांधत नाही," हे तिचे वैद्यकशास्त्र. मी ते मुकाट्याने मानले; आणि पुढे चाळीस वर्षे जपून ठेवले, हीच माझी चूक झाली.

वडील गेल्यावर आई पुण्याला आमच्याकडे आली. तिला पंधरा वर्षांचा मधुमेह. गेल्या मार्गशीर्षात थंडी कडाडली आणि तिच्या टाचा नांगरल्यासारख्या उलल्या. मला पुत्रधर्म आठवला. पत्नी "मलम आणू या" म्हणत होती. पण मी पळी गॅसवर धरली, मुठेल वितळवले आणि आईचे पाऊल मांडीवर घेऊन तिच्याच पद्धतीने भेगांत सोडले.

"आई, चटका बसतो का ग?"

"नाही रे. बरं वाटतंय."

ती गावच्या गजाली सांगत होती. एकदाही पाय मागे घेतला नाही. मला वाटले, हा माझ्या हाताचा गुण!

तिसऱ्या दिवशी पत्नीला फरशीवर ओले ठसे दिसले. टाचेवर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि आई त्याच पायाने देवघर ते स्वयंपाकघर फिरत होती. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक दोरा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा हं, आजी." आजी वाट पाहत राहिल्या. दोरा केव्हा टेकला नि केव्हा उचलला, त्यांना कळलेच नाही. मधुमेहाने पायांची जाणीवच गेली होती. ती "बरं वाटतंय" म्हणाली, ते खोटे नव्हते. तिला काहीच वाटत नव्हते. जखम भरायला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत मला नीट झोप लागली नाही.

डॉक्टरांनी मुठेलाला दोष दिला नाही, पळीला दिला. हे तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते. गॅसवरची पळी त्याच्या कितीतरी पुढे जाते. कढवण्याची गरजच नाही. पाय कोमट पाण्याने धुवावे, टिपावे आणि कातडी ओलसर असतानाच गोळा टाचेवर घासावा. तेल कातडीला पाणी देत नाही. आहे ते उडू देत नाही, एवढाच त्याचा गुण. बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल राहून चिखल्या होतात. भेगेतून रक्त येत असेल तर गोळा डब्यात ठेवून दवाखाना गाठावा.

यंदा लंडनच्या भाचीने आजीसाठी शिया बटरची बरणी पाठवली. पश्चिम आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचे हे लोणी. घाना, बुर्किना फासो, माली या देशांत बायाच बिया उकळतात, वाळवतात, कुटतात, भाजतात आणि पाण्यात घुसळून लोणी काढतात. मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने १७९९ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला गाईच्या लोण्याहून सरस ठरवले होते. मुठेलाशी त्याचे नाते युरोपलाही ठाऊक आहे: चॉकलेटात कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा स्निग्ध पदार्थांना पाच टक्क्यांपर्यंत मुभा २००० साली तिथे मिळाली, त्यांत शिया आहे आणि आपले कोकमही. शिया मऊ, बोटाने निघते. मुठेल ताठर, कोकणी स्वभावाचे. गुण मात्र तोच. शियाची अ‍ॅलर्जी क्वचितच होते. पण बरणीत वास घातलेला असेल तर त्याने पुरळ येऊ शकतो, म्हणून पत्नीने ते आधी स्वतःच्या मनगटाला लावून दोन दिवस वाट पाहिली. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

आईने बरणी हुंगली. "आपल्या मुठेलाचीच मावसबहीण दिसते," म्हणाली आणि ती हातांसाठी ठेवून घेतली. टाचांना मुठेलच.

आता रोज रात्री मी तिचे तळवे दिव्याखाली धरून पाहतो. लाली, फोड, काही नवे आहे का. मग गोळा घासतो. तिला पाऊल जाणवत नाही, म्हणून ती वाकून माझ्या हाताकडे बघत असते, आणि मधूनच विचारते,

"लावतोयस ना रे?"