प्लेट कुठे आहे?

"डॉक्टर, हाड मोडलं होतं हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"मी एक्स-रेची प्लेट पाहिली होती."

"मग ती प्लेट कुठे आहे?"

२०११ सालची ही गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते आणि आरोपीचे वकील अगदी शांतपणे विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या अडीच वर्षं आधी, मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी असताना, एक बाई रात्री आली होती. बांधावरून भांडण झालं, दिराने काठी मारली आणि डोकं वाचवायला तिने हात आडवा धरला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला. खिडकीच्या उजेडात धरून मी तो पाहिला, कोपराखालचं अल्ना हे हाड सरळ मोडलं होतं. प्लास्टर घातलं, जखमांच्या दाखल्यावर 'गंभीर दुखापत' असं लिहिलं आणि प्लेट तिच्या भावाच्या हातात दिली. प्लेटचा नंबर मी कुठेच उतरवून ठेवला नाही. खटला उभा राहीपर्यंत प्लेट हरवली होती, आणि एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाला साक्षीला बोलावलंच गेलं नाही.

भारतीय दंड संहितेचं कलम ३२५ लागलं असतं, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. निकाल लागला तो कलम ३२३ खाली. साधी दुखापत, एक हजार रुपये दंड. हे मला त्या बाईनेच ओपीडीत येऊन सांगितलं. तिचा हात जरा वाकडाच जुळला होता. "तुमी तर डोळ्यानं बगितलं हुतं न्हवं, बाई?" एवढंच ती म्हणाली आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेली.

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली, स्वतःचा दवाखाना संध्याकाळपुरता सुरू केला आणि एलएलबीला नाव घातलं. अमेरिकेत काही विद्यापीठांत वैद्यक आणि कायदा या दोन्ही पदव्या जोडून साधारण सहा वर्षांत घेता येतात. आपल्याकडे तशी सोय नाही. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग इतर कुठल्याही पदवीधरासारखी पुन्हा तीन वर्षं. ७० टक्के हजेरीची अट मलाही होती. रात्री एखादा पेशंट अत्यवस्थ झाला तरी सकाळी वर्गात बसायचंच. बरोबरची मुलं बावीस-तेवीस वर्षांची. आधी मला 'मॅडम' म्हणायची, दुसऱ्या सत्रात 'ताई' म्हणायला लागली.

सगळ्यात जड गेलं ते उत्तरं लिहिणं. डॉक्टरला निदानापर्यंत पोचायची घाई असते. पहिल्या चाचणीत माझा निष्कर्ष बरोबर होता, तरी गुण निम्मे मिळाले. सरांनी समासात लिहिलं होतं, 'कशावरून?' पिंजऱ्यात ऐकलेला तोच शब्द.

पुरावा कायदा शिकताना मात्र मी एकही तास चुकवला नाही. कलम १५९ वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसून होते. घटनेच्या वेळी स्वतः केलेली नोंद पाहून साक्षीदाराला आपली आठवण ताजी करता येते, असं तेव्हाच्या कायद्याचं ते कलम सांगत होतं. त्या दिवशी कोर्टात मी आठवणीवर बोलत राहिले होते. रुग्णालयाचं रजिस्टर मागवायला हवं, त्यात पाहून सांगते असं म्हणायला हवं, हे मला साडेपाच वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणात आणि नंतरच्या नोकरीत उमगलं नव्हतं. न्यायवैद्यक आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो, पण परीक्षेपुरतं.

२००८ चा समीरा कोहली खटला वाचला आणि आणखी एक जुनी सवय डोळ्यांसमोर आली. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढलं गेलं होतं. बाई सज्ञान असताना तिच्याऐवजी आईची संमती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. मी स्वतः कित्येक अर्जांवर बाईच्या आधी नवऱ्याची सही घेतली होती. काही वेळा फक्त नवऱ्याचीच. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. आता मी अर्ज आधी बाईला वाचून दाखवते, बाकीच्यांना बाहेर थांबवून.

पदवी हातात आल्यावर सगळे विचारायचे, "सनद कधी घेणार?" मुंबईचे शल्यविशारद डॉ. हनीराज चुलानी यांना हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेला होता. डॉक्टरकी चालू ठेवून वकिलीची सनद मिळावी, अशी त्यांची मागणी होती. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ साली न्यायालयाने तो नकार कायम केला. पहिल्यांदा वाचताना मला राग आला. मग वाटलं, माझा पेशंट टेबलावर आणि माझं अशील कोर्टात असं एकाच वेळी झालं, तर मी कुणाला थांबायला सांगणार? दोघांपैकी एकाला तरी माझ्यामुळे नुकसान सोसावं लागेल. मी सनद घेतली नाही.

पण फोन येतात. जुन्या सहकाऱ्यांनी नंबर दिलेले नवे वैद्यकीय अधिकारी रात्री-अपरात्री विचारतात. मागच्या महिन्यात असाच एक मुलगा होता, आवाज थकलेला.

"मॅडम, मारहाणीची केस आहे. मनगटाजवळ फ्रॅक्चर वाटतंय. दाखल्यावर गंभीर लिहू ना?"

"एक्स-रे झाला?"

"सकाळी होईल."

"मग आत्ता सूज, रंग, लांबी-रुंदी मोजून लिही. मत राखून ठेवलंय असं लिही. सकाळी प्लेट आली की तिच्यावरचं नाव, नंबर, तारीख रजिस्टरमध्ये उतरव आणि तंत्रज्ञाची सही घे."

"आणि प्लेट नातेवाइकांना देऊ?"

"नको," मी म्हणाले. "पोलिसांना दे, आणि पोच घे."