उजवीकडे कललेली गाडी

गेल्या मे महिन्यात चुलत भावाच्या लग्नासाठी मी इंग्लंडला, कॉव्हेन्ट्रीच्या काकांकडे गेले होते. परतल्यावर मैत्रिणी विचारू लागल्या, "काय काय पाहिलंस?" लंडन पाहिलं, शेक्सपिअरचं गाव पाहिलं. पण सगळ्यांत जास्त वेळ मी एका मोटारीचं पोट पाहिलं, हे सांगायची तेव्हा लाज वाटली. म्हणून इथे लिहिते.

काकांची मोटार म्हणजे १९७२ सालची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी. ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी १९६२ ते १९८० पर्यंत होत असे. दिसायला मोठी ऐटबाज, पण मागच्या चाकांवर काय, तर आपल्या मालट्रकला असतात तसे पोलादी पाटे! काकांच्या गाडीचे पाटे थकले होते, उजवा जरा जास्तच. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावली, तर डावीपेक्षा उजवीकडे इंचभर कमी भरलं.

"उजवीकडेच का, काका?"

"चालवणारा तिकडं बसतो, पोरी. डावीकडं आता कोण बसतंय?"

काकूंना जाऊन चार वर्षं झाली. मी पुढे काही विचारलं नाही.

भावाचं म्हणणं, गाडी विकून टाकावी; सत्तरी उलटल्यावर गाडीखाली लोळणं शोभत नाही. काका म्हणत, "कललेली गाडी कोण घेणार? आधी पाटे बदलू." लग्न आटोपलं, जोडपं फिरायला गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी मला जुना सदरा दिला.

पुढच्या चाकांना अडण्या लावल्या. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा जॅक आसाखाली, त्याला तोलून धरायला. पाने सगळे इंचातले. मी मिलिमीटरचा पुढे केला की काका नुसतं बघत.

आस पाट्याला इंग्रजी यू अक्षराच्या बोल्टांनी बांधलेला असतो. ते सुटले. पाट्याचं मागचं टोक झुलत्या पट्ट्यांत असतं, कारण दबला की पाटा लांबतो. त्याला जागा हवी. तेही निघालं. अडला तो पुढचा बोल्ट. रबरी बुशाच्या आतल्या नळीत तो गंजून असा बसला होता की नट निघाला तरी बोल्ट हलेना. तेल झालं, हातोडा झाला, ठेवणीतल्या कोल्हापुरी शिव्या झाल्या. तापवावा, तर पेट्रोलची टाकी मागेच. शेवटी करवतीचं पातं घेऊन काका उताणे झाले आणि बोल्ट कापू लागले.

वीसेक मिनिटांनी आवाज थांबला. मी वाकून पाहिलं. काकांचा हात थरथरत होता आणि ते दुसऱ्या हातानं तो दाबून धरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा तू ये."

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. घरी बल्बसुद्धा दादा बदलतो. डोळ्यांत गंज पडत होता, हात आखडत होता. तासाभरानं पाटा सुटून आदळला, तेव्हा मी इतकी ओरडले की शेजारीण खिडकीत आली.

डावीकडचा बोल्ट मात्र गुमान निघाला. नवे पाटे सोबत आलेल्या नव्या बुशांसह बसवले, पण पुरते आवळले नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर रबर पिळलेलं राहतं, म्हणून गाडी आधी जमिनीवर उतरवली आणि मगच काकांनी शेवटचा पाना फिरवला.

मग टेप लावली. उजवी बाजू डावीपेक्षा पाव इंच वरच होती.

"बसंल हळूहळू," काका म्हणाले, आणि डाव्या आसनावरची पुस्तकं, छत्री, जुना कोट उचलून घरात घेऊन गेले. "बस. चक्कर मारून येऊ."