माउरिट्सचे घर

बदलीच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालवणाऱ्या माणसाला घरे दोन असतात. एक सरकारी, त्याच्या भिंतीत खिळा ठोकतानाही आम्ही दहादा विचार करतो. दुसरे गावाकडचे, ते मनात केव्हाच बांधून पुरे झालेले असते, जमिनीवर मात्र त्याचा पायाही खणलेला नसतो. दिल्लीस येऊन आम्हांला अकरा वर्षे झाली. तेवढ्या अवधीत हे दुसरे घर आम्ही कितीदा बांधले आणि कितीदा मोडले, याची गणती नाही.

यंदा वडिलांनी विषय निकरावर आणला. जुन्या कौलारू घरामागे मोकळी जागा आहे. घरबांधणीसाठी सरकारी अग्रिम मिळतो. तेव्हा आताच बांधून ठेवावे, म्हणजे निवृत्तीनंतर हक्काचा निवारा होईल, असे त्यांचे म्हणणे. आम्ही अर्जाचा नमुना आणला. तो टेबलावर पडून असतानाच एका डच घराची हकीकत आमच्या वाचनात आली, आणि लेखणी तेथेच थबकली.

हे घर हेग शहरात आहे. एका अंगाला जुन्या दरबारी इमारतींलगतचे तळे, दुसऱ्या अंगाला ‘प्लेन’ नावाचा चौक, आणि मधे हे आटोपशीर, चौकोनी, दगडविटांचे घर. आम्ही ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आमच्यासारख्या कारकुनाला हेग भेटते ते ग्रंथालयात. त्याचे नाव माउरिट्सहाउस, म्हणजे माउरिट्सचे घर.

हा योहान माउरिट्स नासाऊच्या सरदारघराण्यातला. १६३२ साली त्याने येथे जागा घेतली आणि पुढच्याच वर्षी बांधकामास आरंभ झाला. आराखडा याकोब फान काम्पेन याचा, देखरेख पीटर पोस्ट याची. परंतु भिंती चढत होत्या तोच मालकाची नेमणूक झाली, आणि तीही थेट ब्राझीलला! डच वेस्ट इंडिया कंपनीने तेथील आपल्या मुलखाचा गव्हर्नर म्हणून त्याला पाठवले. १६३७ च्या आरंभी तो रेसिफेला उतरला आणि १६४४ पर्यंत तिकडेच राहिला. इकडे घराचे काम पोस्ट पाहत होता. चौकालगत कॉन्स्टंटाइन हायगेन्स या कवीचे आणि मुत्सद्द्याचे घर होते. तोही या बांधकामावर लक्ष ठेवून असे. शेजाऱ्याच्या भरवशावर घर बांधण्याची चाल आमचीच नव्हे, हे वाचून आम्हांला थोडा धीर आला.

योगायोग असा की, पीटर पोस्टचा भाऊ फ्रान्स हा माउरिट्सबरोबर ब्राझीलला गेला होता. एक भाऊ हेगमध्ये धन्याचे घर उभारीत होता, तर दुसरा समुद्रापलीकडे धन्याच्या अमलाखालील ऊसमळ्यांच्या मुलखाची चित्रे काढीत होता.

त्या उसातच या घराची दुसरी बाजू आहे. लोक त्याला ‘साखरवाडा’ म्हणू लागले ते उगाच नव्हे. ब्राझीलच्या वसाहतीचे वैभव साखरेवर उभे होते आणि साखर गुलामांच्या घामावर. मळ्यांना माणसे कमी पडू लागली तेव्हा याच माउरिट्सने १६३७ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आरमार धाडून एल्मिनाचा किल्ला घेतला. १६४१ साली लुआंडाही घेतले. त्यानंतर हजारो आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून ब्राझीलला नेण्यात आली. तिकडचे मूल्यवान लाकूड मात्र हेगला आले आणि या घराच्या अंतर्भागात बसले. उभा जन्म पावत्या तपासण्यात गेलेल्या आम्हांला वाटते, या घराच्या जमाखर्चात काही रकमा कोणी कधी मांडल्याच नाहीत.

घर पुरे झाले आणि १६४४ साली मालक परतला. पण तीनच वर्षांत नवी नेमणूक आली. ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने त्याला क्लेवे प्रांताचा कारभार सोपवला, आणि पुढले बहुतेक आयुष्य तिकडेच गेले. १६७९ साली तो क्लेवेजवळच वारला. घर परक्यांच्या हाती गेले. परदेशच्या वकिलांना उतरवण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. १७०४ च्या डिसेंबरात आग लागली आणि आतले सारे जळून बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. ते ब्राझीलचे लाकूडही गेले. १७०८ ते १७१८ या काळात घर आतून नव्याने बांधून काढण्यात आले. १८२० साली ते डच सरकारने विकत घेतले, आणि १८२२ पासून तेथे राजसंग्रहातील चित्रे लोकांना पाहावयास मिळू लागली. व्हर्मेरची मोत्याच्या कुड्यातली मुलगी आज तेथेच आहे. १८८१ सालच्या लिलावात तिला अवघे दोन गिल्डर आणि तीस सेंट पडले होते. हायगेन्सचे घर मात्र १८७६ साली पाडले गेले.

माउरिट्सचे नाव अजून दारावर आहे. २०१८ साली मात्र त्या नावावरून नेदरलंड्समध्ये मोठा वाद माजला. त्याच्या अर्धपुतळ्याची प्रतिकृती प्रवेशदालनातून हलवण्यात आली होती. कोणी म्हणाले, इतिहास पुसला जात आहे. कोणी म्हणाले, तो आता कोठे वाचला जात आहे. आम्हांला दुसरे म्हणणे पटते.

ही सारी हकीकत आम्ही सौभाग्यवतींना सांगितली. गुलामांपर्यंत येईतो ती स्तब्ध होती. शेवटी म्हणाली, “तुमच्या गव्हर्नराचे राहू द्या. गेल्या पावसात मामंजींच्या खाटेवर गळत होते, ते तुम्ही विसरलात?”

आम्ही विसरलो नव्हतो. ते आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते. वडिलांच्या पत्रांत आमच्या पंचवीस वर्षांनंतरच्या निवाऱ्याची काळजी होती, स्वतःच्या गळक्या छपराविषयी अक्षर नव्हते.

अर्ज आम्ही खणात ठेवला. बँकेतल्या शिलकेतून थोडी रक्कम गावी पाठवली आणि धाकट्या भावास लिहिले : “मृगापूर्वी वासे बदलून घे, कौले नवी बसव. आणि सुताराची मजुरी रोजच्या रोज चुकती कर. मागल्या जागेचे पुढे पाहू.”