पडशाचे वय

पडशावर कोणी निबंध लिहिल, असे मला कॉलेजात असताना सांगितले असते तर मी पोट धरून हसलो असतो. त्या वयात पडसे हा आजारच नव्हता. वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चौघे. सोमवारी एकाला शिंका सुरू झाल्या की गुरुवारपर्यंत चौघांची नाके लाल. पण तेवढ्यावर कबड्डी चुकवायची सोय नव्हती. बेळगावच्या पावसात भिजावे, खानावळीतला मेणसिन सारु दोन वाट्या प्यावा, त्यातल्या मिरीने नाकाडोळ्यांतून पाणी काढावे आणि पांघरूण घेऊन पडावे. पडसे केव्हा गेले हे आठवायलाही सवड नसे. माझा कानडी खोलीसोबती पडशाला 'नेगडी' म्हणे. नाक चोंदले की 'न'चा 'द' होतो, म्हणून ज्याला खरोखर नेगडी झाली आहे त्याला तो शब्द कधीच नीट म्हणता येत नाही, तो 'देगडी' म्हणतो, असा आमच्या खोलीचा भाषाशास्त्रातला एकमेव शोध होता.

आज मी एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि इंदुरात अन्नपूर्णा भागात लेकीकडे राहतो. माळव्याच्या पठारावरची ही हिवाळी हवा मोठी लबाड. दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि दिवेलागणीनंतर कानटोपी शोधावी लागते. गेल्या जानेवारीत जावईबापूंनी रात्री सराफ्यात नेऊन गरमागरम गराडू खाऊ घातले. दोन दिवसांनी माझा घसा धरला. जावईबापू इंदूरचेच, त्यामुळे त्यांचे मराठीही माळव्याच्या पाण्यावर वाढलेले. ते म्हणाले, "बाबा, थंडी लागून जुकाम झाला, अदरकवाला चहा घ्या." चहा मी घेतला, पण थंडीवरचा आरोप मला मान्य नव्हता. इंग्लंडात सॉल्झबरीजवळ १९४६ साली केवळ पडशाच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्र निघाले होते आणि ते चार दशकांहून अधिक काळ चालले. तिथे स्वयंसेवकांना ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभे करून पाहिले; नुसत्या गारठ्याने पडसे काही होईना. पडसे विषाणूंमुळे होते, आणि असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. माझ्याकडे आलेला विषाणू बहुधा नातवाच्या दप्तरातून आला होता. गराडू निर्दोष आहेत, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

नातू पाचव्या दिवशी पतंग उडवत होता. मी पाचव्या दिवशी अंथरुणात होतो, दहाव्या दिवशी खुर्चीत, आणि पंधराव्या दिवशी नाक कोरडे होऊनही जिना चढताना दोनदा थांबत होतो. खोकला तर भाड्याने राहायला आल्यासारखा मुक्काम करून बसला. डॉक्टरांनी तपासले, छाती साफ असल्याचे सांगितले. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, म्हणून ते मागू नका, ताप उलटला किंवा दम लागला तर मात्र लगेच या, असे बजावले. मग त्यांनी जे सांगितले ते मला नवे होते. म्हातारपणी पडसे उलट कमी वेळा होते, कारण शरीराने आयुष्यभरात पुष्कळ विषाणू पाहिलेले असतात. पण नवा पाहुणा आला की त्याला घालवायला वेळ लागतो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, शरीराचे शिपाई तिथे तयार होतात. ती तरुणपणापासूनच आक्रसत जाते. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे बारीक केसही मंदावतात. आमच्या जवळचे अन्नपूर्णेचे देऊळ १९५९ सालचे. २०२३ मध्ये देवी नव्या संगमरवरी मंदिरात गेली. थायमसच्या बाबतीत अशी सोय नाही.

बाराव्या दिवशी लेक ऑफिसला निघताना सहज म्हणाली, "बाबा, साधं पडसं तर आहे. जरा हिंडाफिरायला लागा, बरं वाटेल."

तिच्या बोलण्यात काही वावगे नव्हते. पण मला एकदम आई आठवली. ती सत्तरीची असतानाची गोष्ट. मी शाळेत शिक्षक. घरी वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे पडलेले. आईला पडसे होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते. तिने वाफ घ्यायला गरम पाणी मागितले आणि मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "आई, पडशाने का कोणी एवढे दिवस झोपून राहते?" ती काही बोलली नाही. अंगावरची शाल काढून तिने नीट घडी घातली, उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकऱ्या थापू लागली. खोकत खोकत तिने पाच भाकऱ्या केल्या. त्यातल्या दोन मी खाल्ल्या. 'बघ, उठलीस की बरे वाटले ना,' असेही वर म्हणालो असेन. माझा तेव्हाचा स्वभाव पाहता नक्कीच म्हणालो असेन.

लेक बोलली तेव्हा माझाही हात शालीकडे गेला होता. घडी घालायला सुरुवातही केली होती. पण घडी उलगडून मी पुन्हा खांद्यावर घेतली आणि म्हणालो, "साधंच आहे गं. पण अजून दोन-तीन आठवडे लागतील. संध्याकाळी वाफेचं पाणी तेवढं ठेवशील?" तिने दारातच पर्स खाली ठेवली, आत जाऊन पातेले चढवले. तिला त्या दिवशी उशीर झाला.

त्यानंतर मी बरे होण्याची मोजणी नाकावरून न करता पायांवरून करू लागलो. तिसऱ्या आठवड्यात गल्लीच्या तोंडापर्यंत. चौथ्यात दसरा मैदानापर्यंत, तिथे कठड्यावर बसून परत. छत्तिसाव्या दिवशी अन्नपूर्णेच्या प्रवेशद्वाराशी पोचलो आणि न थांबता घरी आलो. घरात कोणाला त्याचे विशेष वाटले नाही. मी कपाटातली शाल मात्र पेटीत तळाशी ठेवून दिली.

नातू मला इकडच्या रीतीप्रमाणे 'नाना' म्हणतो. काल तो शाळेतून आला, दप्तर टाकले आणि दारातूनच हाक मारली, "दादा!"

मी उठून पेटी उघडली.