‘कोण आहे?’ : एका सत्तर वर्षांच्या विनोदाची कुळकथा

प्रोग्रामर मंडळींत एक विनोद वर्षानुवर्षे फिरतो आहे. दारावर टकटक होते. ‘कोण आहे?’ अशी आतून विचारणा होते. मग चहा उकळून निवेल इतका वेळ शांतता. आणि शेवटी बाहेरून उत्तर येते: ‘जावा.’ १९९५ साली अवतरलेली जावा ही संगणकभाषा आरंभीच्या काळात संथपणाबद्दल बदनाम होती, एवढे ठाऊक असले की हसू येते. आज त्याच साच्यात पायथॉनचे नाव घालतात. सी भाषेत लिहिणारा पायथॉनवाल्याला हसतो, यंत्रभाषेच्या जवळ राहणारा सीवाल्याला हसतो, आणि हे सारे जेवणाच्या सुट्टीत आनंदाने चालते.

मला या विनोदाच्या कुळात रस आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने विनोदाकडे कागदपत्राइतक्याच गंभीरपणे पाहावे, असे माझे मत आहे. बखरकार विजयाची तिथी टिपून ठेवतो. पण लोक कशाला भीत होते, हे त्या काळच्या टोमण्यांत सापडते. हा धागा जरा लांबणार आहे, कारण या विनोदाचे मूळ शोधण्यासाठी १९५० च्या दशकातील न्यूयॉर्कला जावे लागते.

त्या काळी प्रोग्राम लिहिणे म्हणजे यंत्राला कळणाऱ्या सांकेतिक आज्ञा एकामागून एक मांडणे. कोणती संख्या स्मृतीच्या कोणत्या घरात ठेवायची, कोणत्या आज्ञेनंतर कुठे उडी घ्यायची, सारे माणसानेच ठरवायचे. हे कष्ट हलके करण्यासाठी ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’ नावाखाली काही पद्धती निघाल्या होत्या. ग्रेस हॉपर यांची ए-० ही १९५२ ची. जॉन बॅकस यांची स्पीडकोडिंग ही आयबीएमच्या ७०१ या यंत्रासाठी १९५३ मध्ये तयार झालेली. या पद्धतींनी माणसाचे काम सोपे केले खरे, पण यंत्र पाच ते दहा पट संथ झाले. मग लोकांनी त्या वापरल्या तरी का?

इथे एक बारीक तांत्रिक मुद्दा आहे आणि सगळी गंमत त्यातच दडली आहे. ७०१ सारख्या यंत्रांत अपूर्णांकांचे अंकगणित, ज्याला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, ते विद्युतमंडलात बसवलेले नव्हते. ते करण्यासाठी आज्ञांच्या लांबलचक मालिका चालवाव्या लागत आणि यंत्राचा बहुतेक वेळ त्यातच जाई. घाटात पुढे माल भरलेला ट्रक असला की मागच्या गाडीचे इंजिन कमजोर आहे की दमदार, हे कळतच नाही. तसाच या सोयीच्या पद्धतींचा संथपणा त्या अंकगणिताच्या मागे झाकला जात होता. १९५४ च्या मे महिन्यात आयबीएमने ७०४ हे यंत्र जाहीर केले. त्यात फ्लोटिंग पॉइंट थेट यंत्रातच होते. घाट संपला, रस्ता मोकळा झाला, आणि सोयीची किंमत उघड्यावर आली.

बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस आपले वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना पत्र लिहून नव्या प्रकल्पाची परवानगी मागितली, ती याच पार्श्वभूमीवर. त्यांचा युक्तिवाद हिशेबनिसाचा होता. संगणक केंद्रातील प्रोग्रामरांच्या वेतनाचा खर्च यंत्राच्या खर्चाइतका तरी भरतोच. शिवाय यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यातच जातो. म्हणजे एकूण खर्चाचे तीन चतुर्थांश लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यात संपू शकतात. यंत्रे स्वस्त होत जातील तसे हे प्रमाण आणखी वाढेल. तेव्हा माणसाने बीजगणितासारखे सूत्र लिहावे आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर यंत्रानेच करावे. या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. प्रकल्पाचे नाव ठरले फोर्ट्रान, म्हणजे सूत्रांचे भाषांतर.

तज्ज्ञ हसले. यंत्र माणसाइतका चतुर प्रोग्राम लिहील, ही कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटत होती. बॅकस यांनी पुढे त्या काळाच्या आठवणी लिहिताना या प्रोग्रामरांना पुरोहितवर्गाची उपमा दिली: सामान्यांना न झेपणाऱ्या गूढ विद्येचे रक्षक. मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ती तुलना मी फार ताणणार नाही. हे पुरोहित जन्माने पुरोहित नव्हते, आणि त्यांच्या बाजूला मोजता येईल असा पुरावा होता. आधीच्या पद्धती खरोखरच पाच-दहा पट संथ होत्या. त्यांचा उपहास अनुभवातून आलेला होता.

बॅकस यांना हे पुरते ठाऊक होते. फोर्ट्रानने निर्माण केलेला प्रोग्राम हाताने लिहिलेल्या प्रोग्रामच्या निम्म्या वेगाने जरी चालला, तरी लोक तो नाकारतील, अशी त्यांची धास्ती होती. म्हणून या तुकडीने भाषेच्या सौंदर्यावर फारसा वेळ घालवलाच नाही. भाषा वाटेत जमेल तशी घडत गेली. सगळे बळ वेगावर लागले. तरुण गणितज्ञ, वासार महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या लॉइस हेब्ट, स्फटिकशास्त्रात नाव कमावलेले डेव्हिड सेअर, विमान कंपनीतून आलेले रॉय नट असा तो चमत्कारिक संच होता. प्रोग्रामचा कोणता भाग किती वेळा चालेल याचा अंदाज बांधायचा आणि सर्वाधिक वापराच्या जागी यंत्रातील मोजकी निर्देशांक-स्थाने वाटून द्यायची, हे काम ते कंपायलरला शिकवत होते. दिवसा यंत्र मिळत नसे. म्हणून छप्पन्नाव्या रस्त्यावरच्या लँग्डन हॉटेलात खोल्या घेऊन ते दिवसा थोडे झोपत आणि रात्रभर सत्तावन्नाव्या रस्त्यावरील मुख्यालयातल्या यंत्रावर काम करत. कधी पूर्ण होणार, असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले: आणखी सहा महिने. अशी जवळजवळ तीन वर्षे गेली.

मग एक विलक्षण गोष्ट घडू लागली. कंपायलरने काढलेल्या आज्ञा वाचताना त्याचे कर्तेच गोंधळू लागले. एखादी आज्ञा चुकीच्या जागी पडली आहे असे वाटे. तासन्‌तास ताडून पाहिल्यावर कळे की ती बरोबर आहे, आणि आपल्याला सुचली नसती इतकी चलाख आहे. मला या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत हृद्य क्षण वाटतो.

१९५७ च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस-बेटिस अणुप्रयोगशाळेत पंचकार्डांचा एक गठ्ठा आला. त्यावर नाव नव्हते, सोबत सूचना नव्हत्या. हा फोर्ट्रानच असावा, असा तर्क करून तिथल्या लोकांनी एक प्रोग्राम त्याला दिला. यंत्राने एका विधानात स्वल्पविराम राहिल्याचे दाखवून दिले. स्वल्पविराम घातला, आणि उत्तरे छापून बाहेर आली. वर्षभरात, १९५८ च्या एप्रिलमध्ये, ७०४ वापरणाऱ्या सव्वीस केंद्रांची पाहणी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक केंद्रे आपली निम्म्याहून अधिक कामे फोर्ट्रानमध्ये करू लागली होती. हसणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली.

विनोद मात्र मेला नाही, त्याने घर बदलले. पाव शतकानंतरचे चित्र पाहा. १९८३ साली ‘डेटामेशन’ या मासिकात एड पोस्ट यांचा एक उपहासलेख आला. त्यात ‘खरा मर्द प्रोग्रामर’ पास्कलसारख्या शिस्तशीर भाषा वापरत नाही, असे मिश्कील प्रतिपादन होते. तो काय वापरतो? फोर्ट्रान! एके काळी आळशांची सोय म्हणून हिणवलेली भाषा आता पोलादी मनगटाची खूण झाली होती. गडावर नव्याने आलेला शिपाई पंचवीस वर्षांनी जुना किल्लेदार होऊन मिशांना पीळ देत बसावा, तसे.

ते वाचून खगोलशास्त्रज्ञ एड नेथर यांनी आणखी जुन्या किल्लेदाराची गोष्ट लिहिली. मेल हा त्यांचा जुना सहकारी. तो रॉयल मॅकबी कंपनीच्या ड्रमवर चालणाऱ्या संगणकांसाठी थेट यंत्रभाषेत लिहीत असे. ड्रम सतत फिरत असतो. हवी ती आज्ञा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत यंत्र थांबून राहते. म्हणून आधीची आज्ञा पुरी होते न होते तोच पुढची शीर्षाखाली यावी, अशा जागी मेल ती ठेवी. हे काम आपोआप करणारे साधन उपलब्ध होते, ते तो वापरत नसे. आज्ञा कुठे पडेल याचा भरवसा काय, असा त्याचा सवाल. त्याने पत्त्यांचा एक खेळ लिहिला होता. एक कळ दाबली की गिऱ्हाईक जिंकावे, अशी सोय विक्रेत्यांनी मागितली. ती त्याला अप्रामाणिक वाटली. फार आग्रह झाल्यावर त्याने ती केली, पण उलटी: कळ दाबली की यंत्रच प्रत्येक वेळी जिंके! आपली चूक पाहून तो खूश झाला आणि त्याने ती सुधारण्यास नकार दिला. तो गेल्यावर दुरुस्तीचे काम नेथर यांच्याकडे आले, तेव्हा त्यांना एक आवर्तन सापडले, ज्यात थांबण्याची अटच नव्हती. तरीही प्रोग्राम त्यातून सुखरूप बाहेर पडत होता. कोडे सुटायला दोन आठवडे लागले. मेलने माहिती स्मृतीच्या अगदी शेवटच्या घरांत ठेवली होती. शेवटचे घर ओलांडताच पत्त्यातला हातचा पुढे सरके, आज्ञेच्याच आकड्यात मिळे आणि तिचे रूपांतर उडीच्या आज्ञेत करी. नेथर यांनी वरिष्ठांना दुरुस्तीची जागा सापडत नसल्याचे सांगितले आणि तो प्रोग्राम तसाच राहू दिला.

मेलची गोष्ट प्रोग्रामर अजून प्रेमाने सांगतात, आणि बहुतेक जण ती गौरवगाथा म्हणून सांगतात. मी ती वाचतो तेव्हा मला ते दोन आठवडेही दिसतात. यंत्राचे काही क्षण वाचले; एका हुशार माणसाचा पंधरवडा गेला. बॅकस यांच्या पत्रातला हिशेब हाच तर होता. दुसऱ्या बाजूला, ज्या कौशल्यावर मेलने आयुष्य घातले त्याची किंमत एका कंपायलरने शून्यावर आणावी, हे दुःख खोटे नव्हते. वेगावरून टोमणा मारणारा माणूस बहुधा वेगाबद्दल बोलतच नसतो. कोणाचे कष्ट मोजायचे, याबद्दल तो बोलत असतो.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष वापरातले फोर्ट्रान प्रोग्राम तपासले, तेव्हा आढळले की प्रोग्रामचा चार टक्क्यांहूनही कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांवरून भांडणारे एव्हाना गप्प बसायला हवे होते. ते बसले नाहीत.

आपल्याकडे ही कथा उशिरा पण तशीच आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० आला आणि त्यासोबत फोर्ट्रान. आज पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी चालणारी प्रारूपे बव्हंशी फोर्ट्रानमध्येच आहेत.

आणि पायथॉन? ज्याला सगळे संथ म्हणून हसतात, त्या पायथॉनमध्ये नमपाय वापरून कोणी समीकरणांचा संच एका ओळीत सोडवतो, तेव्हा ते काम खाली लॅपॅक या संग्रहाकडे जाते. लॅपॅक मुळात फोर्ट्रानमध्ये लिहिलेला आहे. लॅपॅक आपली जड गणिते आणखी खालच्या ब्लास या थराकडे सोपवतो. त्या थराच्या ओपनब्लाससारख्या आवृत्त्यांत, सर्वांत आतल्या आवर्तनांपाशी, प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या, यंत्राच्या भाषेत हाताने लिहिलेल्या आज्ञा आहेत. कोणती आज्ञा कोणत्या क्षणी तयार होईल हे मोजून त्या एकेक करून मांडणारी माणसे तिथे अजून काम करतात.